भाऊजींचा तिसरा किनारा

माझे धाकटे दीर बस चालवतात असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चालवत असतील या गावाहून त्या गावाला. आमच्या बेटावर गाव एकच. भाऊजींची बस सकाळी गावातून निघते आणि संध्याकाळी गावातच परत येते. रिकामी असली तर सबंध बेटाची फेरी अर्ध्या तासात आटोपते. प्रवासी असले की तेच काम दिवसभर पुरतं.

बसच्या आधी ते धक्क्यावर बोटींचे दोर बांधत. पर्यटन कचेरीने बस पाठवली तेव्हा ती चालवणारं बेटावर कोणी नव्हतं. भाऊजींनी तोवर चाकाची एकच वस्तू चालवली होती, मासळीची हातगाडी. तेवढ्या अनुभवावर बस त्यांना मिळाली. शिकताना त्यांनी आमच्या ह्यांना शेजारी बसवलं. ह्यांनाही काही येत नव्हतं, पण थोरले भाऊ असल्यामुळे सूचना त्यांनीच द्यायच्या होत्या. दोघांनी मिळून सगळं शिकून घेतलं, फक्त बस मागे घेणं तेवढं राहून गेलं. भाऊजींना ते आजतागायत जमत नाही. एखादा प्रवासी रस्त्यात राहिला तर ते बेटाला वळसा घालून पुन्हा त्याच्यापाशी येत, आणि तो बिचारा खूश होऊन म्हणे, दुसरी बस किती लवकर आली.

कचेरीने एक रंगीत नकाशा छापला होता. एका दिवसात तीन किनारे, एक धबधबा, एक गुहा आणि एक टेकडी. त्यातला धबधबा खरा आहे, पण उन्हाळ्यात तो बघण्यापेक्षा ऐकावा लागतो, आणि ऐकायचा तर बसचं इंजिन बंद करावं लागतं. गुहा वटवाघळांची आहे. लोक आत वाकून जातात आणि बाहेर पळत येतात. टेकडीवरून सगळं बेट दिसतं. किनारेही तीन होते, अगदी नकाशात दाखवलेत तिथेच. मग एका वादळात समुद्राने त्यातल्या दोन किनाऱ्यांवरची वाळू उचलून नेली. सकाळी पाहतो तर घरातलं जाजम कोणी गुंडाळून न्यावं तसे खालचे दगड उघडे पडलेले.

भाऊजी लगोलग बोटीने कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाशी झालेलं बोलणं त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं आहे की ते मला पाठ झालं आहे.

"साहेब, दोन किनारे गेले."

"कुठे गेले?"

"समुद्रात."

"मग किनारे समुद्रातच असतात ना?"

भाऊजींनी नीट समजावून सांगितल्यावर कारकुनाने नकाशा काढून त्यांच्यापुढे पसरला. "हे बघा, वाळू गेली तशी येईल. नकाशा छापून झालाय. तीन किनारे असले तर दिवसभराची सहल. दिवसभराची सहल असली तर बस. एक किनारा बघायला बस कशाला हवी? लोक चालत जातील. मग बस आम्ही दुसऱ्या बेटाला देऊ. तर तुम्ही सांगा, किनारे किती आहेत?"

"नकाशात तीन आहेत," भाऊजी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

त्यानंतरच्या पहिल्या सहलीला त्यांनी ठरवलं होतं की लोकांना सगळं सांगून टाकायचं. सकाळी उरलेल्या किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती, शेवाळ पसरलेलं, पोरं काळ्या खडकांवर चढून खेकडे शोधत होती. मग धबधबा ऐकवला, गुहेतून पळवलं, जेवणं झाली. दुसऱ्या किनाऱ्याच्या वळणावर दगडांखेरीज काही नव्हतं. तिथे बस थांबवून माफी मागायची असा बेत होता. पण थांबलं की मागे घेऊन वळवणं आलं. म्हणून भाऊजी तसेच पुढे निघाले, चालता चालता शब्द जुळवू म्हणून. शब्द जुळेपर्यंत रस्ता बेटाला वळसा घालून दुसऱ्या टोकाने पुन्हा सकाळच्याच किनाऱ्यावर आला. एव्हाना भरती आली होती. खडकांची नुसती टाळकी पाण्याबाहेर होती, शेवाळाचा मागमूस नव्हता.

भाऊजी तोंड उघडणार, तोच पुढच्या बाकावरचे एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "वा. हा सकाळच्यापेक्षा चांगला आहे."

"सकाळचा काय, नुसता चिखल," त्यांच्या बायकोने री ओढली, आणि सगळी मंडळी बसमधून उतरली.

किनाऱ्यावर माझी जाऊ शहाळी विकत होती. हे लोक पुन्हा आलेले बघून ती म्हणाली, "काय हो, काही विसरलं का?"

"छे. पण तुमच्यासारखीच एक बाई तिकडच्या किनाऱ्यावर होती," गृहस्थ म्हणाले.

जावेने बसकडे पाहिलं. काचेमागे नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. तिने कोयता उचलला, शहाळं सोललं आणि म्हणाली, "ती माझी मोठी बहीण."

सूर्य कलल्यावर तिसऱ्यांदा बस आली, यावेळी माडांच्या मधल्या वाटेने, तेव्हा ती आपली धाकटी बहीण झाली होती.

त्या संध्याकाळी भाऊजी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, मी एक अक्षर बोललो नाही. मी फक्त बसचं दार उघडलं."

"आमच्या सिस्टर शाळेत सांगायच्या, गप्प बसणं हेही खोटं बोलण्यातच जमा."

"सिस्टरांना बस सांभाळायची होती का?"

"नाही."

"मग?"

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. हे बोटीच्या तिकीट खिडकीवर बसत, पण मनातून वकील होते. "मला सांग, दुपारी सकाळचंच पाणी होतं का?"

"नाही. भरतीचं होतं."

"वाळू तीच?"

"ओली झाली होती."

"आणि माणसं?"

"ती जेवून आली होती."

"मग वेगळाच किनारा झाला की," असं म्हणून ह्यांनी मान पुन्हा वर्तमानपत्रात घातली.

मला काही ते पटलं नाही. भाऊजींनाही पूर्ण पटलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. किनाऱ्याबद्दल तोंडाने काही म्हणायचं नाही. "उतरा" आणि "चला" एवढंच. खोटं बोलायचं नाही आणि बसही जाऊ द्यायची नाही. लोक त्यांची तारीफ करत. म्हणत, नाहीतर ते वटवट करणारे वाटाडे, हा माणूस बघा, निसर्गाला बोलू देतो.

जावेने मात्र असला नियम मानला नाही. "तुमचा नियम तुमच्या तोंडाचा," ती त्यांना म्हणाली. "माझं तोंड माझं आहे." ती सकाळी डोक्याला लाल रुमाल बांधून थोरली होई, दुपारी गवती टोपी घालून मधली, आणि संध्याकाळी कानामागे फूल खोवून धाकटी. थोरलीच्या वेळी तिचा चहा झालेला नसे, त्यामुळे थोरली तुसडी. धाकटीला घरी जायची वेळ झालेली असे, म्हणून ती हसतमुख. हळूहळू त्या तिघींचं आपसात वाजायला लागलं.

"मधलीला काय, सगळं आयतं मिळतं," ती एकदा माझ्यापाशी कुरकुरली. "उन्हात तहानलेली माणसं आपणहून येतात. सकाळी घसा ताणावा लागतो तो थोरलीलाच."

"अगं, मधली म्हणजे कोण?"

"मीच. म्हणून काय झालं?"

अशी कैक वर्षं गेली. वाळू काही परत आली नाही, आणि हळूहळू बेटावरचे लोकही "दुपारच्या किनाऱ्यावर माझी चप्पल राहिली" असं बोलायला लागले. मग कचेरीत नवे साहेब आले आणि त्यांनी कळवलं की प्रत्येक ठिकाण स्वतः पाहून गुण देणार. नेमके त्या आठवड्यात प्रवासी थोडे. बस रिकामी दिसायला नको म्हणून भाऊजींनी मला आणि ह्यांना पाहुणे म्हणून बसवलं.

"कुठून आलो म्हणून सांगायचं?" ह्यांनी विचारलं.

"काही सांगू नका. नियम सगळ्यांना सारखा."

साहेब पांढरे बूट घालून आले होते. सकाळच्या किनाऱ्यावर पहिल्याच पावलाला त्यांचा उजवा बूट शेवाळात रुतला. तो काढून, पुसून ते थोरलीकडे गेले.

"शहाळं गोड आहे का हो?"

"मी आत जाऊन आलेली नाही," थोरली म्हणाली.

साहेबांनी पेन्सिलीने काहीतरी खरडलं. ह्यांनी माझ्या कानाशी लागून म्हटलं, "ही आपली बस घालवणार."

धबधबा साहेबांनी डोळे मिटून ऐकला. गुहेतून ते सगळ्यांच्या आधी बाहेर आले. दुपारी भरलेला समुद्र आणि गवती टोपीतली मधली बघून त्यांचा मूड सुधारला, आणि टेकडी चढताना त्यांनी आपला निर्णय जाहीर केला. पहिला किनारा बंद. घाण आहे, आणि तिथली बाई उद्धट आहे.

एरवी भाऊजी बस टेकडीवर अशी उभी करत की उतरणाऱ्याचं तोंड गावाकडे व्हावं, कारण दुसऱ्या बाजूने किनाऱ्यांचा सगळा हिशोब उघडा पडतो. पण साहेब थेट माथ्यावर गेले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. खाली बेटाला एका बाजूने चिकटलेला एकच पिवळा किनारा लख्ख दिसत होता. बाकी सगळीकडे दगड.

"या टेकडीत एक दोष आहे," साहेब म्हणाले. "तिन्ही किनारे एकदम दिसत नाहीत."

पहिला बंद झाला की तिन्ही गेले आणि बसही गेली, एवढं भाऊजींना कळत होतं. आता गप्प राहून वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण नीट केलं आणि नियम मोडला.

"साहेब, किनारा एकच आहे."

"तेच म्हणतोय मी. एकच दिसतो."

"म्हणजे आहेच एक. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा, तोच. तिन्ही वाटांनी बस आणतो मी."

साहेबांनी त्यांच्याकडे ताप आलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "किती वर्षं चालवताय बस?"

"पहिल्यापासून मीच."

"होतं असं. रोज तेच तेच बघून होतं. मलाही कचेरीतली सगळी टेबलं एकसारखी दिसतात. पण ती एक नाहीत."

"साहेब, शप्पथ."

"अहो, सकाळचा किनारा मी स्वतः पाहिलाय. हा बूट बघा."

भाऊजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"खरं आहे ते," मी म्हणाले. "किनारा एकच आहे."

"आजी, तुम्ही पाहुण्या," साहेब समजुतीच्या स्वरात म्हणाले. "पाहुण्यांना सगळं सारखंच वाटतं."

आमचे हे पाहुण्यासारखे समुद्र बघायला लागले.

संध्याकाळच्या किनाऱ्यावर साहेब वाळूत बसून राहिले. पाणी ओसरत होतं आणि ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं. धाकटीने त्यांना हसून शहाळं दिलं.

"तुमची मोठी बहीण फार फटकळ आहे हो," ते म्हणाले.

"काय सांगू साहेब," धाकटी म्हणाली, "लहानपणापासून तशीच."

पंधरवड्याने हुकूम आला. तिसरा किनारा आदर्श. दुसरा ठीक. पहिला कायमचा बंद, तिथे तशी पाटी लावावी. वर्षाच्या आत त्याच्या बदली नवा किनारा दाखवावा, तो न दाखवल्यास बस परत घेण्यात येईल.

सुताराने पाटी केली. भाऊजी ती सकाळी वाळूत रोवत आणि दुपारच्या आत उपटून बसच्या बाकाखाली सरकवत. सकाळी प्रवाशांना लांबूनच पाटी दाखवायची. झालं असं की लोक तिचेच फोटो काढायला लागले. खरा चांगला किनारा हाच असणार, म्हणून तर आपल्याला जाऊ देत नाहीत, असं एकमेकांना सांगायला लागले. दुपारी त्याच वाळूत पाय सोडून बसायचे आणि हळहळायचे, तो बंद केलेला बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं. जाऊही लाल रुमाल घडी करून ठेवताना डोळे पुसत होती. "थोरलीच्या पोटावर पाय आला हो ताई. जरा तोंड सांभाळलं असतं तर."

वर्ष सरत आलं. भाऊजी रोज टेकडीवर जाऊन दगडांकडे बघत बसत. जेवणावरची वासना उडाली. बसचं दार दिवसातून तीनदा पुसत. आणि मग एका सकाळी ते माझ्या दारात आले ते मूठ मिटून. मूठ उघडली तर तिच्यात वाळू.

"आली, वहिनी."

नेहमीच्या किनाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, जुन्या दुसऱ्या किनाऱ्यावर, समुद्राने ती आणून ठेवली होती. कुठेतरी इतकी वर्षं सांभाळून ठेवली असावी, इतकी स्वच्छ. आम्ही सगळे जाऊन तिच्यावर चालून आलो. भाऊजी तर चप्पल काढून चालले.

साहेबांना निरोप गेला. ते त्याच पांढऱ्या बुटांत आले. भाऊजींनी दुपारी भरतीच्या वेळी सगळ्यांना नेहमीच्या किनाऱ्यावर नेलं आणि मग बस नव्या किनाऱ्याकडे घेतली. जाऊ शहाळ्यांची टोपली घेऊन माझ्याशेजारीच बसली होती, गवती टोपी तशीच डोक्यावर.

"टोपी बदल की गं," मी म्हटलं.

"का म्हणून? आज आपण खरंच दुसऱ्या किनाऱ्यावर चाललोय. एक दिवस तरी मला मीच राहू द्या."

नव्या किनाऱ्यावर भाऊजींनी बस थांबवली, दार उघडलं, आणि उतरणाऱ्यांपुढे उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा भाषण केलं. "मंडळी, हा वेगळा किनारा आहे. मघाचा वेगळा आणि हा वेगळा."

मंडळी जागच्या जागी थांबली. ज्या माणसाने सकाळपासून "उतरा" आणि "चला" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं, तो आता न विचारता खुलासा का करतोय?

"अहो, हा तर मघाचाच," कोणीतरी मागून म्हणालं.

"तीच वाळू."

"बाईसुद्धा तीच. टोपी बघा."

साहेबांनी समुद्राकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि मग भाऊजींकडे. "काय हो, मला टेकडीवर तेव्हाच संशय यायला हवा होता. एकच किनारा दोनदा दाखवता? ही फसवणूक झाली. बस उद्याच्या बोटीने जाईल."

"साहेब, तेव्हा एक होता. आता खरंच दोन आहेत."

"तेव्हा तीन होते," साहेब कडाडले. "मी गुण दिलेत."

भाऊजी दाराचा दांडा धरून उभे होते. मला वाटलं, हा माणूस आता रडणार. पण जाऊ पुढे झाली. टोपी काढून तिने माझ्या मांडीवर टाकली आणि साहेबांना म्हणाली, "वळण चुकलं हो ह्यांचं. घाबरलेत तुम्हाला. नवा किनारा पुढे आहे, चला बसा." मग माझ्या कानाशी, "ताई, टोपली तुम्ही घ्या. मला आता ओळखतात."

बस वळसा घालून माडांच्या वाटेने पुन्हा नेहमीच्याच किनाऱ्यावर आली. पाणी निम्मं उतरलं होतं, खडक निम्मे वर आले होते. भरती नाही, ओहोटी नाही, अशी ती वेळ प्रवाशांनी कधी पाहिलीच नव्हती. मी टोपली घेऊन आधी उतरले. जाऊ बाकाखाली पाटीशेजारी आडवी झाली होती.

"उतरा," भाऊजी म्हणाले.

साहेब वाळूत चार पावलं चालले. बूट रुतले नाहीत. "हां. हा नवा दिसतो," ते म्हणाले. "आधीच इथे आणायला काय झालं होतं?" मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय. या तिघींच्या कोण?"

सिस्टर आठवल्या. टोपलीत सोललेलं एक शहाळं होतं, ते मी पुढे केलं.

"घ्या," मी म्हणाले.

साहेबांनी ते पिऊन संपवलं आणि नव्या किनाऱ्याला आदर्शच्या खालोखाल गुण दिले. पलीकडच्या किनाऱ्याबद्दल शेरा मारला, की तो दुसऱ्या किनाऱ्याची नक्कल असल्याने नकाशात घेऊ नये आणि चालकाने तिकडे बस नेऊ नये. सूर्यास्ताला त्यांना तिसरा किनारा पुन्हा दाखवला. तिथे कानामागे फूल खोवून धाकटी उभी होतीच.

बस अजून भाऊजींकडेच आहे. आमचे हे गेल्यापासून पुढच्या बाकावर, भाऊजींशेजारी, कोणी बसत नाही. बोट नसते त्या दिवशी भाऊजी मला आणि जावेला बसमध्ये बसवून नकाशात नसलेल्या त्या किनाऱ्यावर नेतात. नेऊ नये असं कचेरीने लिहिलंय, पण ते प्रवाशांसाठी, असं त्यांचं म्हणणं. तिथे ते तोंडाला कुलूप लावत नाहीत. हा किनारा कुठून कुठपर्यंत आहे, वाळू कुठून आली, कोणता माड कोणाचा, सगळं मोठ्याने सांगतात. ऐकायला आम्ही दोघीच असतो आणि आम्हाला ते ठाऊक असतं. जाऊ डोकं उघडं टाकून बसते. स्वतःसाठी एक शहाळं सोलते आणि सावकाश पिते.

घर तिथून मागे हाकेच्या अंतरावर आहे. पण बस मागे घ्यावी लागते, म्हणून आम्ही पुढूनच, सगळ्या बेटाला वळसा घालून परत येतो.